एका खोक्यासाठी अख्खी गाडी

३ जानेवारी

प्रिय अक्का,

घेतली! गाडी घेतली! हातातली कात्री खाली ठेव, खुर्ची ओढ आणि नीट बसून वाच.

हे पत्र मी स्टीअरिंगवर पॅड टेकवून लिहितेय. माझ्या गाडीच्या स्टीअरिंगवर. माझ्या, स्वतःच्या. पांढरी आहे. लांबलचक ट्रक नाही, मध्यम. मागे बंद पेटी, आपल्या लहानपणच्या स्वयंपाकघराएवढी. आधीच्या मालकांचे गुडघे गेले म्हणून त्यांनी विकली. किल्ली माझ्या हातात दिली, मग परत मागून घेतली, रुमालानं पुसली आणि पुन्हा दिली.

फोन का केला नाही म्हणून तू फुगली असशील. अगं, फोन आता माझा राहिलाच नाही. ज्या वाहतूक कंपनीला गाडी जोडलीय, तिथे आम्हाला माल वाटून देणारा एक डिस्पॅचर आहे. बोलण्याआधी हलकेच शिट्टी वाजवायची त्याला सवय, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणतात. फोनवर शिट्टी आली की समजायचं, माल आला. ‘इथून उचला, तिथे पोचवा, जमेल?’ लगेच हो म्हणायचं. मी ‘अं…’ केलं की माल पुढच्या गाडीला. तुझ्याशी गप्पा मारत बसले तर माझा धंदा बसेल. तेव्हा पत्रं लिहीन. माल मिळेपर्यंत यार्डात, म्हणजे गाड्यांच्या तळावर, वाट बघत बसावं लागतं, वेळच वेळ असतो. तूही यार्डाच्या पत्त्यावरच लिही.

काम कसलं, तर तातडीच्या मालाचं. एखादा कारखाना एका पुर्ज्यासाठी अडतो, सगळी माणसं हात बांधून उभी राहतात. तेव्हा मोठ्या ट्रकची वाट बघायला कुणाला सवड नसते. मला बोलावतात. माल घ्यायचा, मध्ये कुठे न उतरवता सरळ नेऊन द्यायचा. पहिल्या खेपेला काय होतं माहितेय? एक खोकं. तुझ्या मशीनच्या झाकणाएवढं. त्या रिकाम्या पेटीत ते शाळेच्या पहिल्या दिवशी आलेल्या पोरासारखं दिसत होतं. पट्ट्यांनी बांधलं, तरी प्रत्येक वळणावर माझा जीव मागेच.

एक सांगून ठेवते. कंपनीनं अडीच महिने परीक्षेवर घेतलंय. नीट पार पडले तर कायमच्या यादीत. उशीर किंवा तक्रार झाली की नाव कटलं. मग ही गाडी म्हणजे चाकं लावलेली खोली, आणि मी परत शाळेच्या बसवर. मोठ्या बाईंनी सांगितलंय, ‘नवं वर्ष सुरू होईपर्यंत तुमची जागा ठेवते हो.’ प्रेमानं म्हणाल्या, तेच लागलं. इतकी वर्षं तोच रस्ता, तेच फाटक, तेच ‘काकू, ह्यानं मला चिमटा काढला.’ मला नाही जायचं परत.

भाऊजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, मालकही मीच आणि ड्रायव्हरही मीच, त्यामुळे ओरडायला कुणी नाही.

तुझी,
बारकी

---

९ जानेवारी

बारके,

पत्र पोचलं. ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण माझ्या हातात एका नवरीचं ब्लाउज होतं आणि तिची आई समोर ठाण मांडून बसलेली. ‘घेतली!’ ऐकून मी टाकाच चुकवला.

आनंद झाला गं. दुकानातल्या पोरी विचारतात, ‘अक्का, तुमची बहीण ट्रक चालवते?’ मी म्हणते, ‘चालवते काय, तिचाच आहे!’ मग ऊर भरून येतो आणि उगाच त्यांना काम जास्त देते.

पण मला सांग, एका खोक्यासाठी अख्खी गाडी? लोकांना वेड लागलंय का? आपण बिऱ्हाड हलवलं तेव्हा एका हातगाडीत सगळं घर मावलं होतं आणि वर तुला बसवलं होतं, मांडीवर आरसा देऊन. रिकामी गाडी जाते, ही उधळपट्टी माझ्याच्यानं ऐकवत नाही. तेव्हा ऐक. माझं कापड कापायचं जुनं टेबल जाऊबाईंना द्यायचंय. त्या तुझ्याच वाटेवर राहतात. इकडून जाशील तेव्हा घेऊन जा. कोपऱ्यात उभं राहील बिचारं, तुझ्या खोक्याला सोबत.

आणि झोपतेस कुठे, ते का नाही लिहिलंस? मी विचारलं नाही तर तू सांगणारच नाहीस, हे मला तू फ्रॉकात होतीस तेव्हापासून ठाऊक आहे.

हे म्हणतात, ओरडायला कुणी नसेल तर आम्ही अक्काला पाठवून देऊ.

अक्का

---

२१ जानेवारी

प्रिय अक्का,

टेबल नाही गं आणता येणार. रागावू नकोस, कारण ऐक.

ज्यानं गाडी बोलावली, गाडी पूर्ण त्याची. खोकं टीचभर असेना का, उरलेली जागाही त्याची. दुसरं काही आत ठेवलं आणि ते त्याच्यावर घसरलं, गळलं, घासलं, तर? आणि उतरवायला मध्ये थांबले, तर तिकडे कारखाना थांबलेलाच. म्हणून माल चढला की दाराला सील लावतात. त्याच्यावर नंबर असतो. पोचल्यावर तोच नंबर, तसंच सील दिसलं की त्यांना कळतं, मध्ये कुणी हात लावला नाही. मलाही पहिल्या दिवशी तुझ्यासारखंच वाटलं होतं. आपल्या घरात बाजाराची पिशवीसुद्धा अर्धी भरून कुणी परत आणली नाही! पण आता त्या रिकाम्या जागेची मला गंमत वाटते. एका वस्तूची एवढी काळजी कुणीतरी करतंय, आणि ते कुणीतरी मी आहे.

परवाचं सांगते. एका दवाखान्यातलं तपासणीचं यंत्र बंद पडलं होतं, त्याचा भाग घेऊन गेले. फाटकात डॉक्टरीणबाई स्वतः उभ्या! गाडी दिसताच धावत आल्या, बाळ घ्यावं तसं खोकं कवेत घेतलं आणि आत पळाल्या. सहीसुद्धा विसरल्या, मी मागे धावले. शाळेची बस बघून कधी कुणी धावत आलंय का? पोरं उलटी पळायची!

आता झोपायचं. केबिनमध्ये सीटच्या मागे बाकडं आहे. गादी इतकी पातळ की खालची फळी कुठे जोडलीय ते पाठीला पाठ झालंय. पण झोप लागते.

शिट्टी म्हणत होता, पुढच्या महिन्यात तुमच्या बाजूची एखादी खेप निघेल. वेळ हाताशी असली तर येईन. भात लाव, बाकी काही नको.

बारकी

---

१२ फेब्रुवारी

बारके,

आत्ता तुझी गाडी कोपऱ्यावरून वळली. धूळसुद्धा खाली बसली नाही आणि मी लिहायला घेतलंय.

तुला बघून इतकं बरं वाटलं! काळवंडली आहेस, पण चालणं कसं बदललंय. उतरलीस काय, दार लावलंस काय, सगळी गल्ली बघत होती. पोरी तर खिडकीला चिकटलेल्या. तू म्हणालीस, औषधाच्या कारखान्याचं फाटक संध्याकाळीच उघडतं, मी लवकर पोचलेय. तेव्हा मला वाटलं देवच पावला. जेवलीस आणि ह्यांच्या आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलीस. मी पंखा वाढवला.

आता गंमत. मागे जाऊन बघ! तुझ्यासाठी गादी शिवलीय. कापूस नवा, खोळ जाड, कोपऱ्यात तुझं नाव भरलंय लाल दोऱ्यानं. तुला आधी सांगितलं असतं तर ‘नको, नको’ केलं असतंस. केबिनला कुलूप होतं, आणि किल्ली तुझ्या खिशात. मागच्या दाराला मात्र कुलूप नव्हतं, नुसती कडी. मी आणि ह्यांनी मिळून गादी आत सरकवली, तुझ्या खोक्यापासून लांब, भिंतीला लावून. खोक्याला बोटसुद्धा लावलं नाही हो, तुझं पत्र लक्षात आहे माझ्या!

आणि हो, दार उघडायच्या आधी बघते तर कडीला पिवळा प्लास्टिकचा पट्टा लोंबत होता, नव्या कपड्याला दुकानाचं लेबल असतं तसा. इतके दिवस गाडी चालवतेस आणि तो काढला नाहीस? कात्री कमरेला होतीच, कापून टाकला. आता कसं नीटनेटकं दिसतंय.

पोचलीस की लिही. गादीवर लोळून बघ आणि मगच लिही.

अक्का

---

२० फेब्रुवारी

प्रिय अक्का,

पत्र मिळालं. गादी फार छान झाली आहे. नाव सुरेख भरलं आहेस. पाठीला आराम आहे.

सध्या यार्डातच आहे. गाडी धुतली, आतून पुसून काढली. थोडी विश्रांती चालली आहे. भाऊजींना नमस्कार. काळजी नसावी.

बारकी

---

२५ फेब्रुवारी

बारके,

‘काळजी नसावी’? हे काय बँकेला लिहिलंस? अख्ख्या पत्रात एक ‘अगं’ नाही. आणि विश्रांती? तू? तापानं फणफणलेली असताना सायकल शिकायला गेलेली तू?

मी ह्यांना म्हटलं, काहीतरी झालंय. हे उठले, दुकानात गेले आणि चिंध्यांच्या टोपलीतून तो पिवळा पट्टा शोधून आणला. त्याच्यावर नंबर होता. मग तुझं जानेवारीतलं पत्र काढून माझ्यापुढे धरलं.

बारके, सील म्हणजे मला वाटलं लाखेचं असतं, वर शिक्का मारलेलं, लाल. खरंच गं. प्लास्टिकचा पट्टा कुणाला सील वाटेल? आयुष्यभर लोंबता दोरा दिसला की कापायचा, एवढंच केलं या हातांनी. विचार करायच्या आधी कात्री चालते.

काय झालं ते खरं सांग. माझ्यापासून लपवू नकोस. तुझं नाव कटलं का?

अक्का

---

२ मार्च

प्रिय अक्का,

रडू नकोस. रडलीच असशील. आता पूस आणि वाच.

त्या दिवशी मी पुढच्या पेट्रोल पंपावर थांबले, गाडीभोवती एक फेरी मारली. तशी पद्धतच आहे. सील नाही! दार उघडून बघावं असं फार वाटलं, पण उघडलं असतं तर मीच हात लावला असं झालं असतं. सोबत होत्या औषधाच्या बाटल्या भरायच्या यंत्राच्या नळ्या, त्यांना मळलेलं बोटही चालत नाही. कारखाना आता जवळच होता. एक मन म्हणत होतं, गप्प राहा, कुणाच्या लक्षात येईल? दुसऱ्या मनानं फोन उचलला.

शिट्टी शिट्टी विसरला. म्हणाला, ‘कुलूप होतं का?’ मी म्हटलं, ‘नाही. लावायला हवं होतं, लावलं नाही. जेवायला थांबले, गाडी नजरेआड होती. चूक माझी.’ बहिणीच्या दारात कुलूप कसलं लावायचं, हे त्याला काय सांगणार! तिथे तर मी चप्पलसुद्धा कशीही भिरकावते.

कारखान्याच्या फाटकात त्यांच्या तपासनीस बाई हातमोजे घालून उभ्या होत्या. दार उघडलं. एका बाजूला खोकं, जसंच्या तसं. दुसऱ्या बाजूला फुलाफुलांची गादी. पहारेकरी म्हणाला, ‘बाई, यातला माल कुठला?’ अक्का, त्या भयंकर क्षणी मला हसू आलं. कोपऱ्यातलं लाल ‘बारकी’ दिसलं आणि सगळा उलगडा झाला. हसता हसता डोळे भरले.

नळ्या तिथेच उघडून तपासल्या, ठीक निघाल्या. पण तक्रार ती तक्रार. चौकशी होईपर्यंत मला माल नाही. दुसऱ्यांच्या गाड्या निघताना बघते. प्रत्येक गाडी फाटकातून बाहेर पडली की माझा उजवा पाय आपोआप दाबला जातो.

तुझं नाव मी घेतलं नाही, घेणार नाही. कुलूप माझं होतं.

गादी मात्र खरंच छान आहे. तेवढं पत्रात खरं लिहिलं होतं.

बारकी

---

६ मार्च

माल वाटून देणारे साहेब,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव मला माहीत नाही, बहीण तुम्हाला शिट्टी म्हणते, पण तसं पाकिटावर कसं लिहू?

तुमच्या गाडीचं सील मी कापलं. पट्टा सोबत पाठवत आहे, नंबर जुळवून घ्या. मी शिवणकाम करते. चोर नाही. बहिणीच्या पाठीखाली गादी असावी एवढंच मनात होतं. तिनं तुम्हाला हे सांगितलं नसणार. लहान असताना माझ्या हातून बरणी फुटली तरी मार ती खायची आणि वर मलाच गप्प बसवायची.

तिला शाळेच्या बसवर परत पाठवू नका. ती तिथे नीट काम करत होती, पण रविवारी संध्याकाळी तिचा चेहरा बघवायचा नाही. गाडी घेतल्यावर तिनं मला पहिलं पत्र लिहिलं, त्यातली अक्षरं उड्या मारत होती. एवढंच सांगायचं होतं.

आपली,
बारकीची अक्का

---

११ मार्च

अक्कांना नमस्कार,

पट्टा मिळाला. नंबर जुळला.

एक स्पष्ट सांगतो. तुमच्या पत्रामुळे काही ठरलं नाही, कारण ते येण्याआधीच ठरलं होतं. सील तुटलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्यात. पोचण्याआधी स्वतःहून फोन करणारे कमी. तिनं फोन केला म्हणून कारखान्याला तपासणीची तयारी करता आली, त्यांचं काम थांबलं नाही. त्यांच्या तपासनीस बाईंनी तसं लिहून दिलं.

साहेब लोक अजून कुरकुरतात. म्हणून तिला एक खेप देतोय, त्याच कारखान्याची. सील शाबूत आणि वेळेत पोचली तर यादीत. नाहीतर मलाही काही करता येणार नाही. सोमवारी निघेल, दुपारी तुमच्या कोपऱ्यावरून जाईल. या वेळी वेळ अगदी बेताची आहे.

तुमची गादी यार्डातल्या सगळ्यांनी बघितली. एक विचारायचं होतं, माझ्या खुर्चीसाठी उशी शिवाल का?

माल वाटणारा

---

१३ मार्च

बारके,

तुझ्या शिट्टीचं पत्र आलं. माणूस बरा दिसतो.

सोमवारी थांबायचं नाही. ऐकलंस? पाणी प्यायलासुद्धा नाही. तू दारावरून जाणार आणि मी भात लावणार नाही, हे मला लिहवत नाही, तरी लिहितेय. कुलूप लाव. आमच्यासमोर तर दोन लाव.

फक्त आमच्या कोपऱ्यावर हॉर्न वाजव. मी रस्त्याच्या कडेला उभी राहीन. लांबून बघीन आणि परत मशीनवर बसेन.

अक्का

---

१८ मार्च

अक्का, अगं अक्का,

यादीत! कायमच्या यादीत! यार्डातल्या फळ्यावर माझ्या गाडीचा नंबर खडूनं होता, तो शिट्टीनं पुसला आणि रंगानं लिहिला. रंग ओघळलाय, आकडा थोडा वाकडा आलाय, मी त्याला हात लावू दिला नाही. वाकडाच राहू दे. शाळेच्या मोठ्या बाईंनाही कळवलं, जागा आता दुसऱ्या कुणाला द्या.

सगळं सांगते. सील चढवताना मी इतकी जवळ उभी होते की तो माणूस म्हणाला, ‘बाई, श्वास तरी घेऊ द्या.’ पुलाजवळ रस्त्याचं काम निघालं, गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या. हातातली वेळ गेली. तुमचं गाव आलं तेव्हा मला एवढंच दिसत होतं की एकही मिनिट वाया घालवायचं नाही.

आणि मग तुम्ही दिसलात. भाऊजी, दोन्ही पोरी, शेजारच्या काकू, आणि सगळ्यांच्या पुढे तू, गळ्यात टेप, कमरेवर हात. मी हॉर्न वाजवला. आणि खरं सांगू? पाय ब्रेकवर गेला. मनानं ठरवलेलं होतं, पायाला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी हळू झाली. तू इतकी जवळ होतीस की तुझ्या केसांत अडकलेला दोरा दिसला.

तू हात वर केलास.

तुझा तो हात मी जन्मभर ओळखते. तो वर झाला की थांबायचं. पडशील, थांब. उन्हात जाऊ नकोस, थांब. दोन घास खा आणि मग जा. मी कायम थांबत आले, आणि कधी वाईट वाटलं नाही.

पण सोमवारी तो हात पुढे हलत होता. रस्त्याच्या दिशेनं, जोरजोरात, टाचा उंचावून. तोंडानं काय ओरडत होतीस ते काचेतून ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. जा. जा. जा.

मी पाय उचलला आणि गाडी पुढे काढली. आरशात बघितलं. तू तशीच उभी होतीस, हात अजून हलत होता.

बारकी